तेलाचा सखोल अभ्यास

३ सप्टेंबर, गुरुवार

गाडी आली! लाल. टर्बो. ऑटोमॅटिक. दोनच दारं. सेकंडहँड आहे, पण सेकंडहँड वाघ म्हणजे काही मांजर नव्हे.

जुनी गाडी विकू देताना बायकोने एकच अट घातली होती. एकवीस तारखेला सकाळी आठ वाजता तिच्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पोचवायचं. या डॉक्टरांची तारीख महामुश्किलीने मिळाली आहे. ती हुकली तर ते दोन महिने परदेशात, आणि सासूबाईंना आत्ताच माणूस आवाजावरून ओळखावा लागतो. मी म्हटलं, ही गाडी सहा सेकंदांत शंभरचा वेग घेते, आपण आदल्या दिवशीच पोचू. बायको हसली नाही.

सासूबाईंनी हात फिरवत गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बाकीची दारं कुठे आहेत, असं विचारलं.

४ सप्टेंबर

संकल्प: गाडीला जगातलं सर्वोत्तम इंजिन ऑइल. आधीच्या मालकाने काय ओतून ठेवलंय देव जाणे.

मेकॅनिकला विचारणार नाही. त्याच्याकडे जे शिल्लक असेल तेच तो सर्वोत्तम म्हणणार. मी पडद्यांच्या दुकानात मॅनेजर आहे, मला हे आतून माहीत आहे. गाडीची पुस्तिका पुढच्या कप्प्यात आहे. तीही वाचणार नाही. पुस्तिका ज्यांना विषय कळत नाही त्यांच्यासाठी असते.

६ सप्टेंबर, रविवार

अभ्यास जोरात. फाइव्ह डब्ल्यू थर्टी वगैरे जे असतं, त्यातला पहिला आकडा थंडीत तेल किती पातळ राहतं त्याचा, दुसरा गरम झाल्यावर किती दाट राहतं त्याचा. डब्ल्यू म्हणजे विंटर. बायकोला विचारलं, तिला माहीत नव्हतं. (मलाही सकाळी अकरापर्यंत नव्हतं, पण प्रश्न तो नाही.)

सासूबाईंची स्वतःची एक म्हातारी, चिमुकली गाडी आहे. आम्ही तिला डबी म्हणतो. नजर अधू झाल्यापासून ती बायको चालवते. सासूबाईंना सहज विचारलं, डबीत कुठलं तेल घालता? म्हणाल्या, निघतं ते काळं असतं, घालतात ते कधी पाहिलं नाही.

आणि डबी चोवीस वर्षं चालते आहे. निव्वळ नशीब.

९ सप्टेंबर

नेटवर गाडीवाल्यांच्या ग्रुपमध्ये प्रश्न टाकला. 'पिस्टनपंडित' नावाच्या गृहस्थांनी झीरो डब्ल्यू फॉर्टी सांगितलं. त्यावर 'गिअरगुरू' म्हणाले, त्यापेक्षा भांड्यांचा साबण घाला. पंडितांनी गुरूंची अक्कल काढली. गुरूंनी पंडितांची गाडी काढली. दुपारपर्यंत दोनशे उत्तरं.

माझी गाडी कुठली, हे अजून कोणीच विचारलेलं नाही. जाणकार लोक.

१० सप्टेंबर

दुकानात गिऱ्हाईकाने सिंथेटिक पडदा मागितला. मी म्हटलं, घ्यायचा तर फुल्ली सिंथेटिक घ्या, जास्त तापमानाला टिकतो. गिऱ्हाईक गेलं. मालक आतून बघत होते. लोकांना गुणवत्तेची चाड नाही.

१२ सप्टेंबर, शनिवार

प्रयोग. चार प्रकारची तेलं थोडी थोडी आणली, चार वाट्यांत ओतली आणि फ्रीझरमध्ये ठेवली. थंडीत कुठलं चटकन वाहतं ते प्रत्यक्ष बघणार. पंडित नुसते बोलतात, मी करतो.

संध्याकाळी: बायकोने विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, विज्ञान. तिने विज्ञान बाहेर काढून बाल्कनीत ठेवलं. ऊन होतं. चारही तेलं सारखीच वाहिली. निष्कर्ष राखून ठेवला आहे.

१३ सप्टेंबर

एक वाटी रिकामी! सासूबाईंचा खोकल्याचा काढाही साधारण त्याच रंगाचा असतो. धावत त्यांच्या खोलीत गेलो आणि पोटात कसं वाटतंय ते विचारलं. म्हणाल्या, जावईबापू, डोळे गेलेत, नाक नाही. तेल त्यांनी बाथरूमच्या दाराच्या बिजागरीत घातलं होतं. ते दार लग्नापासून कुरकुरत होतं. आता हूं की चूं नाही.

कुठल्या वाटीतलं तेल होतं ते त्यांना सांगता येईना. एवढा एकच प्रयोग यशस्वी झाला, आणि नोंद नाही!

१७ सप्टेंबर

निर्णय झाला. टेन डब्ल्यू सिक्स्टी. रेसिंगवाले वापरतात. शिवाय दुकानातल्या सगळ्या डब्यांवरच्या आकड्यांत साठ हा सर्वांत मोठा. विषय संपला.

१९ सप्टेंबर, शनिवार

तेल काल रात्रीच बदलायचं होतं, पण कंबर धरली. डबे उचलून दुकानातून आणल्यामुळे. बायकोचं म्हणणं, गाडी चालते आहे ना, मग सोमवारचं ऑपरेशन होऊ द्या आणि नंतर हवं ते करा. मी समजावलं की कोणीतरी ओतलेल्या अज्ञात तेलावर मी आईंना नेणार नाही. हा जबाबदारीचा प्रश्न आहे. तिने विचारलं, मग डबी तयार ठेवू का? हे मनाला लागलं. या घरात माझ्यावर विश्वास असा नाहीच.

२० सप्टेंबर, रविवार

सकाळी १०: गाडी स्टँडवर चढवली. पाठीवर झोपून खाली सरकलो.

११: बोल्ट सापडला. समोरच होता. लोक उगाच बाऊ करतात.

११.२०: तेल निघालं. आणि काय तेल! लालसर, स्वच्छ, काचेसारखं. सासूबाईंचं काळं निघतं. याला म्हणतात परफॉर्मन्स गाडी. क्षणभर वाटलं, हेच परत ओतावं. पण अभ्यास वाया गेला असता.

१२: बोल्ट घट्ट. बॉनेट उघडून नवं तेल ओतलं. इंजिनवरचं झाकण फार देखणं आहे, पिवळं, वर काहीतरी कोरलेलं. वाचायला सवड नव्हती, दोन्ही हात तेलाचे. झाकण चिंधीने धरूनच परत बसवलं.

१२.३०: मापाची पट्टी बुडवून पाहिली. तेल वरच्या खुणेच्याही बरंच वर. आधीचा मालक चिक्कू असणार. गाडी पहिल्यांदाच पोटभर जेवली.

हात धुताना बायकोला म्हटलं, बघ, झालं. ती म्हणाली, उद्या बघू. हा निराशावाद माहेरचा.

२१ सप्टेंबर, सोमवार

दुपारी लिहितो आहे. हॉस्पिटलच्या बाकावर.

सात वाजता सासूबाईंना पुढे बसवलं. बायको मागच्या सीटवर घडी होऊन बसली. इंजिन सुरू केलं. पाठीमागून थोडा धूर आला. थोडा म्हणजे, शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या. मी म्हटलं, नवं तेल आहे, बसतंय. गिअर टाकला, पाय दाबला. गाडी असा काही आवाज करू लागली की अंगावर काटा आला.

सासूबाईंनी विचारलं, निघालो का? मी म्हटलं, हो, निघालोच. थोड्या वेळाने म्हणाल्या, घर अजून तिथेच दिसतंय, आणि मला दिसतंय म्हणजे खरंच तिथेच असणार.

डबी पुढे गॅरेजमध्ये, आणि माझी गाडी तिच्या वाटेत आडवी. ढकलावी लागणार होती. स्टिअरिंग मी घेतलं, कारण ते तांत्रिक काम. बायको ढकलायला उतरली. मागून दुसराही दम लागल्याचा आवाज येऊ लागला, म्हणून आरशात बघितलं तर सासूबाई! मी ओरडलो, आई, तुम्ही नको. त्या म्हणाल्या, ढकलायला दिसावं लागत नाही.

डबी पहिल्या झटक्यात सुरू झाली. बायकोने ती कशी चालवली ते मी बघितलं नाही, कारण मी मागे मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन डोळे मिटून बसलो होतो. आठला दोन मिनिटं कमी असताना पोचलो. नर्सने सासूबाईंना विचारलं, हाताला हे काळं कसलं? सासूबाई म्हणाल्या, परफॉर्मन्स.

आत नेताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. या बाईला भीतीही वाटते हे मला आजवर माहीत नव्हतं. दोन महिने त्यांना तसंच चाचपडत राहावं लागलं असतं, हा विचार मघापासून मनातून जात नाही. पण पोचलो ना वेळेत? पोचलो. अट पोचण्याची होती, कुठल्या गाडीतून हे ठरलं नव्हतं.

२४ सप्टेंबर

गाडी टोचन करून मेकॅनिककडे नेली. त्याने सांगितलं, मी काढलं ते गिअरबॉक्सचं तेल. इंजिनचं जुनं तेल जागच्या जागी होतं, त्यावर मी नवं ओतलं, म्हणजे इंजिनात जवळपास दुप्पट आणि गिअरबॉक्स कोरडा. तो हसला नाही. फक्त जरा बाहेर जाऊन आला. येताना त्याच्याबरोबर आणखी दोघं आले, ते बघायला.

दोन्ही बोल्ट दिसायला अगदी सारखे असतात. कंपनीची चूक.

६ ऑक्टोबर

सासूबाईंची नजर स्वच्छ झाली! घरभर हिंडत असतात. पंख्यावर धूळ आहे. पडद्याचा रंग विटला आहे (आमच्याच दुकानातला). माझे केस आवाजावरून वाटत होते त्यापेक्षा कमी आहेत.

गाडी आज परत आली, टोचन करूनच. गिअरबॉक्स भरला आहे, इंजिन रिकामं करून दिलं आहे. कुठलं तेल घालू, असं मेकॅनिकने विचारलं होतं. मी म्हटलं, घाई नको, या वेळी पद्धतशीर अभ्यास करून ओततो. पंडितांना निरोपही टाकला.

बॉनेट उघडून, पिवळं झाकण पुसून सासूबाईंच्या हातात दिलं आणि तेलाचं शास्त्र त्यांना सुरुवातीपासून समजावू लागलो. विंटरपर्यंत आलो असेन. त्यांनी हात लांब करून झाकण डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाल्या, यावर फाइव्ह डब्ल्यू थर्टी असं लिहिलंय, ते काय असतं?

मी म्हटलं, ते सर्वसाधारण मार्गदर्शन असतं. बायको घरात गेली. बाथरूमचं दार लागल्याचा आवाजही आला नाही, आतून हसण्याचा मात्र बराच वेळ आला.

जेवताना मी जाहीर केलं की तेलाचा विषय माझ्याकडून पूर्ण झाला, आता टायरमध्ये हवा नेमकी किती असावी याचा मुळापासून अभ्यास करणार.

सासूबाईंनी ताटातून मान वर केली नाही. म्हणाल्या, ते गाडीच्या दारावर लिहिलंय.