निर्मळ येथील गुरुत्वाकर्षण

स्वस्ति श्री पदार्थविज्ञानमार्तंड, पतनशास्त्रपारंगत, प्रयोगशाळाधिपती (किल्ली मुख्याध्यापिकांकडे), भावी पर्यवेक्षक हरेश्वर आत्माराम सामंत विरचित रोजनिशी. शके १९१९. अन्यांस वाचनास सक्त मनाई.

१२ जानेवारी १९९८, सोमवार
शुक्रवारी शिक्षणाधिकारी येणार. त्यांच्यासमक्ष मुक्तपतनाने गुरुत्व त्वरण मोजून दाखवायचे. उत्तर ९.८ आले की पर्यवेक्षकपद माझे. न आल्यास गणिताच्या ज्ञानदाबाईंचे. न येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

१३ जानेवारी
रंगीत तालीम. गच्चीवर गोळा घेऊन पी.टी.चे पॉल सर. खाली वाळूपाशी स्टॉपवॉचसह अस्मादिक. आज्ञा सुस्पष्ट: "एक, दोन, साडेमाडे, तीन!" उत्तर सत्तावीस. साक्षात गुरू ग्रहावरही पंचवीसच! निर्मळ ग्रामाचे माहात्म्य सिद्ध. ज्ञानदाबाई म्हणे, तरीच सामंत सरांचं पाऊल सकाळी वेळेवर उचलत नाही. मत्सर.

१५ जानेवारी
तिळगूळ तोंडात असतानाच ज्ञानदाबाई बोलल्या: पॉल सर "साडेमाडे"ला गोळा सोडतात, तुम्ही बटण "तीन"ला दाबता. मी तत्काळ खंडन केले. सायंकाळी हाच दोष स्वतंत्रपणे शोधून काढला. पॉल सरांस जाब विचारला. म्हणे, "अहो सर, आमच्या गास गावाला शर्यतीत पोरं साडेमाडेलाच सुटतात. तीनपर्यंत थांबला तो हरला." संकल्प: साडेमाडेचे समूळ उच्चाटन. उद्या केवळ "एक, दोन, तीन". पॉल सरांस आगाऊ कळविण्याचे प्रयोजन दिसले नाही. तीन कोणास कळत नाही?

१६ जानेवारी, दुपार
अधिकारी व समस्त शाळा उपस्थित. मी गर्जलो, "एक, दोन, तीन!" बटण दाबले. गोळा येईना. पॉल सर कठड्यावरून वाकून ओरडले, "सर, साडेमाडे राहिलं!" मी प्रत्युत्तरलो, "साडेमाडे नाही!" पैकी "नाही" वाऱ्याने नेले. गोळा आला.
उत्तर: एक. चंद्रावरही दीडच्या वर असते.
अधिकारी म्हणाले, सामंत, गोळा पडत होता की विचार करत होता? प्रश्न मार्मिक, पण अप्रस्तुत.

१९ जानेवारी, सोमवार
ज्ञानदाबाई पर्यवेक्षक. पदभार घेताच मला मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळांवर नेमले. म्हणे, तिथं विज्ञानाचाच माणूस हवा. कोपऱ्यातल्या नळाला वॉशर नाही. पाणी खाली न पडता आडवे येते, थेट माझ्या विजारीवर. ज्ञानदाबाई म्हणतात, वॉशर पी.टी.कडे. पॉल सर म्हणतात, प्रयोगशाळेकडे. आज दोनदा भिजलो, आणि उद्या इस्त्रीची दुसरी विजार नाही.