चाखणं म्हणजे खाणं नव्हे

३ फेब्रुवारी, सोमवार
सोनोग्राफी झाली. फॅटी लिव्हर, ग्रेड वन. जन्मात दारू नाही, मांस नाही, घरात कांदासुद्धा नाही. मशीनमध्ये आधीच्या माणसाचं लिव्हर अडकलं असावं.
सांगलीच्या डॉक्टरीणबाई याच रोगावर संशोधन करतात. मला त्यात घेतलं. तीन महिने रोज एक पुडी. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पीठ, आणि कुणाला काय ते बाईंनाही ठाऊक नाही म्हणे. मग संशोधन कसलं? शिवाय तोंडात जाईल ते सगळं वहीत लिहायचं.
मुलगा अरिहंत लगेच म्हणाला, ग्रेड वाढला तर आप्पांनी तासगावचा बेदाण्याचा सौदा सोडायचा, मी जाणार. तीस वर्षं त्या लिलावात माल चाखायला माझी जीभ चालते. याचा डोळा कशावर आहे ते कळलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आजपासून गोड बंद. जेवण सूर्यास्ताआधी, ते आम्हा जैनांत पहिल्यापासूनच आहे. सायन्स आत्ता पोचतंय.
वहीत लिहिलं: दोन भाकरी, दोडका, वरण. बेदाणा लिहिला नाही. चाखणं म्हणजे खाणं नव्हे, तो धंदा आहे. एका दाण्यावर माल कळत नाही, चार-पाच लागतात. आज दीडशे नमुने होते. देठ मात्र खिशात टाकतो. दुसऱ्याच्या मालावर कचरा करायची आपली पद्धत नाही.

२० फेब्रुवारी
पुडी जिभेवर घोळवून बघितली. पीठ! मला मुद्दाम पिठात घातलंय. वजन दीड किलो वाढलं. काट्यावर सरकारी शिक्का आहे का, विचारलं. बाई नुसत्या हसल्या. म्हणजे नाही.

१३ मार्च, गुरुवार. चतुर्दशी
उपवास. वहीत: फक्त गरम पाणी. सौद्यात माल लय भारी. चाखून थुंकला. बहुतेक सगळा.

२ एप्रिल
आज कळलं, प्रभावती धुण्याआधी माझे खिसे तपासते. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. मी आलो की अरिहंतशी चाललेलं बोलणं थांबतं. घरात डॉक्टरचे हेर आहेत. उद्यापासून शर्ट मीच धुणार.

३ एप्रिल
कंबर धरली आहे. शर्ट उद्या.

५ मे, सोमवार
ग्रेड टू.
मी म्हटलं, पीठ दिल्यावर दुसरं काय होणार. तेवढ्यात प्रभावतीनं पिशवीतून लोणच्याची बरणी काढून बाईंच्या टेबलावर ठेवली. गळ्यापर्यंत बेदाण्याचे देठ. बाईंनी विचारलं, हे वहीत कुठंय? मी चाखणं आणि खाणं यातला फरक नीट समजावून सांगितला. त्यांनी दाणे अंदाजून हिशेब केला. सौद्याच्या दिवशी पाव किलोच्या वर. माझा मुद्दा त्यांना पटला नाही. अरिहंत खाली बघत होता. मला वाटलं होतं तो खूश होईल.
बाहेर पायरीवर मी प्रभावतीला म्हटलं, माझ्यावर पाळत ठेवलीस. ती म्हणाली, "पाळत कसली? आधी वाटलं, चुकून चिकटलं आसंल." मग म्हणाली, "आवं, लिव्हरचं ऱ्हाऊ द्या. चतुर्दशीच्या शर्टातबी देठ व्हते."
डॉक्टरीणबाईंना सांगितलेला फरक उपवासाला चालत नाही. लाज वाटली.
गुरुवारी सौद्याला अरिहंत जाईल. घरी आल्यावर वही काढली. १३ मार्चपुढचं 'फक्त गरम पाणी' खोडलं.