सिरक्याची बरणी

३ मार्च १९७६

जमला! उसाच्या रसाचा सिरका शेवटी जमला. दिवाळीपासून बरणी उन्हात होती. आई रोज म्हणायची, "नासलं ते, फेकून दे." आज गाळला. वास थेट नाकात चढतो — म्हणजे झाला. परवा महिला मंडळाच्या वर्गात हेच शिकवणार.

५ मार्च

शाळेच्या ओट्यावर वर्ग. मीठ-सिरका लावून तांब्याची घागर घासून दाखवली — लखलखीत! किटलीतला क्षारही निघाला. बायका बघतच राहिल्या.

"केसाला लावला तर काय हुतं, बाई?"

"पाण्यात घालून लावा. मऊ होतात."

"आन् सासूला लावला तर?"

हे पंचफुलानं विचारलं — सरपंच दत्तरावांची सून. सासू नर्मदाबाई शेजारीच! सगळ्या हसल्या, ती सोडून.

शेवटी सिरक्यात मुरवलेला कांदा पुढे केला. "आज उपास हाय." सगळ्यांना एकदम उपास! भांड्यांना माझा सिरका चालतो. तोंडाला नाही.

आबा म्हणतात, "वस्तीत शिकलेली तू पैली. तुजी एक चूक झाली की म्हणतील, यांना शिकवून काय उपेग." जेवताना रोज म्हणतात.

८ मार्च

पंचफुला एकटी आली. "द्या तो कांदा. मला न्हाई उपास-बिपास." चिनीमातीच्या बरणीत भरून दिला. "बरणीतच राहू द्या," म्हटलं. हे नक्की म्हटलं.

१३ मार्च

पंचफुलाला उलट्या. ताडकळसहून डॉक्टर आणला. आता उतार आहे, पण गावभर झालं — मास्तरणीनं काय तरी घालून दिलं!

१४ मार्च

बायनाबाई दत्तरावांच्या गोठ्यात शेण काढते. ती सांगत आली — "तुजी बरणी उकिरड्यावर पडलीय."

नर्मदाबाईनं घरात घेतली नाही. माझ्या हातची. माती बाटते म्हणे, धातू धुतला की चोख! कांदा सिरक्यासकट पितळेच्या पातेल्यात ओतला. कल्हई उडालेल्या. चार दिवस! कळकणारच.

पण 'पितळेत ठेवू नका' असं मी म्हटलं नव्हतं. आंबट पितळेत कळकतं हे कुणाला ठाऊक नाही? त्यांचा जन्म चुलीपुढे गेला, मी त्यांना काय सांगायचं — असं वाटलं. तरी सांगायला हवं होतं. नव्हतं सांगितलं.

१५ मार्च

परभणीच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई चौकशीला येणार. चूक माझी ठरली तर वर्ग बंद, मी घरी.

१७ मार्च

चौकशी दत्तरावांच्या ओसरीवर. मोठ्या बाई खुर्चीत. मी खाली अंगणात. आबा फाटकाबाहेर — ते दत्तरावांचेच सालगडी.

दत्तरावांनी विचारलं, "पितळेत ठेवू नगा, असं सांगितलं व्हतं का?"

"नाही."

"झालं तर मग!"

बरणीचं सांगणार होते. फाटकाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. आबांनी मानही वर केली नाही.

तेवढ्यात दाराआडून पंचफुला — "बाईनं बरणी दिली व्हती. बरणीतच ठेवा म्हनल्या. आत्याबाईनं टाकली ती, यांच्या हातची म्हनून. पितळेत आमी वतलं."

नर्मदाबाई किंचाळली, "जीभ झडली न्हाई तुजी!"

दत्तराव एवढंच म्हणाले, "आत जा."

मोठ्या बाई चहा न घेताच उठल्या.

२० मार्च

परभणीहून निरोप — वर्ग चालू ठेवावा. आई गूळ वाटायला निघाली. मी थांबवलं.

सकाळच्या एसटीनं पंचफुलाला माहेरी धाडलं. 'बोलावल्याबिगर यायचं न्हाई.' सोबत कुणी गेलं नाही. शाळेवरून गेली गाडी. मी ओट्यावरच होते.