अडेनियमला जास्त झालेलं पाणी

प्रिय वहिनी,

आज सकाळी तुमच्या अडेनियमच्या झाडाचं फुगीर बूड दाबून पाहिलं, तर बोट आत गेलं. कुजलंय हो! घरात कुणाला सांगायची हिंमत होईना, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. रागवायचं तर रागवा.

मोठी जाऊ म्हटलं की नव्या नवरीला धास्तीच वाटते. मलाही वाटली होती. पनवेलच्या या घरात शिरले, तेव्हा तुम्ही काय करत होतात? इडलीच्या साच्यांत अत्तर घातलेलं गुलाबी मेण ओतत होतात! पाण्यावर तरंगणाऱ्या कमळाच्या मेणबत्त्या, दिवाळीच्या ऑर्डरीच्या. "हळद उतरली की ये मदतीला," म्हणालात. आठच दिवसांत मी त्याच साच्यांत इडल्या लावल्या. सासूबाईंनी घास घेतला नि म्हणाल्या, "अगं बाई, इडलीला अत्तर कुणी लावलं?"

"माझंच चुकलं, आई," तुम्ही पटकन म्हणालात. आणि स्वयंपाकघरात येऊन हसून हसून खाली बसलात. त्या दिवशी मला सासरी माहेर मिळालं.

लोडशेडिंगमध्ये अख्खी कॉलनी साध्या मेणबत्त्या लावायची, आपल्याकडे मात्र मेणाची कमळं! चांगली कमळं उरण नाक्यावरचे दुकानदार चाचा घेऊन जायचे, पाकळी तुटलेली आपली. तरी काय थाट वाटायचा!

गॅलरीतलं अडेनियम तुमचं लाडकं. कलम करून एकाच बुंध्यावर गुलाबी आणि पांढरी फुलं आणलीत. कापलेल्या जागी मेणबत्तीच्या मेणाचे दोन थेंब सोडलेत आणि मला बजावलंत, "याला पाणी पाणी करू नकोस. तहान लागू दे, मग बघ कसं फुलतं."

ऐकलं का मी? तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी तांब्याभर पाणी. आधी तुमचं झाड, मग माझा चहा. पानं पिवळी पडली, तर आणखी घातलं! हातच आवरत नव्हता हो. तेवढंच तुमचं काहीतरी करतेय असं वाटायचं.

आणि खरं सांगू? तुमच्या शेवटच्या आजारपणातही मी हेच केलं. तुम्ही "पुरे गं, आता नको" म्हणत होतात, आणि मी "एकच चमचा, माझ्यासाठी" म्हणत पेज भरवत राहिले. "बस जरा इथे," म्हणालात, तर मी वाटी विसळायला उठले. का नाही ओरडलात माझ्यावर? एवढा कसला भिडस्तपणा, वहिनी?

वरची एक फांदी अजून घट्ट आहे. ती कापून घेतली. बाकीचं झाड टाकताना खूप रडले. फांदी आता चार दिवस सावलीत सुकवायची, मग कोरड्या रेतीत लावायची, तुम्ही लावायचात तशीच. गुलाबी आहे की पांढरी, फुलल्याशिवाय कळायचं नाही.

पण वचन देते. ती रुजली की उगाच पाणी घालणार नाही. रोज सकाळी हात मांडीवर ठेवून नुसती तिच्याजवळ बसेन. तुमच्याजवळ बसायचं राहिलं ना, तेवढा वेळ.

तुमची धाकटी जाऊ,
संगीता