तुझे दिवस कुठले, आजाराचे कुठले

माय, तुला जाऊन चोवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळसुद्धा लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं हे सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे मी तुझ्यावर रागावलेली होते आणि तो राग मी जपून ठेवला होता. कुणी तुझा विषय काढला की मी उठून चहा टाकायला जायचे. आज लिहायला बसले ती मायेनं नाही, भीतीपायी. शुक्रवारी माझ्या रक्ताचा रिपोर्ट यायचाय आणि आज सोमवार आहे. आतल्या खोलीत माझी लेक अभ्यास करतेय, नववीत आहे ती. तिच्या डाव्या मनगटाला पट्टा बांधलाय आणि ते मनगट माझ्या मारानं सुजलंय. ते मी केलं की माझ्या रक्तात उतरलेल्या आजारानं केलं, एवढंच मला जाणून घ्यायचंय.

हे सगळं मामापासून सुरू झालं. दिवाळीनंतर त्याच्या पोरानं त्याला वैजापूरहून इथं मेंदूच्या डॉक्टरकडं आणलं, आणि मी शहरात राहते, रक्ताच्या लॅबमध्ये कामाला आहे, म्हणून मलाही सोबत बोलावलं. मामाचे हात एका जागी राहत नव्हते. खुर्चीवर बसला तरी खांदा उडायचा, बोटं आपली आपण हलायची, भुवया वरखाली व्हायच्या. गावात म्हणत होते, म्हातारपणी प्यायला लागला. हे सगळं मी आधी एकदा बघितलं होतं, तुझ्या अंगात. डॉक्टरनं विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का, तर मामाचा पोरगा म्हणाला, नाय, कुणालाच नाय. मी म्हणाले, माझ्या आईला होतं. आणि आज्यालाही, म्हणजे तिच्या बापालाही असणार. आज्याला बाहेरची बाधा झाली असं तुम्ही सगळे म्हणायचा ना गं, मेंढरं रानात सोडून हातवारे करत घरी आला म्हणून? तुला मात्र कुणी बाधा म्हणालं नाही. बाई झोकांड्या खाते म्हणजे पिते, एवढ्यावर लोकांनी तुला संपवलं.

डॉक्टरनं कागदावर आज्याचं नाव लिहून खाली रेघा ओढल्या, एक तुझी, एक मामाची, आणि तुझ्या खाली माझी. आजाराचं नाव इंग्रजीत आहे, तुला सांगून उपयोग नाही. मेंदूचा आहे, रक्तातून उतरतो, भर वयात वर येतो आणि त्यावर अजून औषध नाही. ज्याला असतो त्याच्या प्रत्येक लेकराला होईल की नाही हे नाणं उडवल्यासारखं, अर्धं इकडं, अर्धं तिकडं. आणि मग ते एक वाक्य बोलले, त्यानंतर माझी झोप उडाली. म्हणाले, हात हलायला लागायच्या आधी काही वर्षं माणसाचा स्वभाव बदलतो. राग आवरत नाही, भीड राहत नाही, मनात आलं की करून मोकळा होतो. मी तिथंच बसल्या बसल्या तुझे दिवस आठवायला लागले, कुठला तुझा आणि कुठला आजाराचा.

पहिला आठवला तो उलथन्याचा. मी पाचवीत आहे. मुकुंदवाडीतली ती पत्र्याच्या शेडमधली मेस. कंपनीतली पोरं दोन पाळ्यांत जेवायला येतायत आणि तू चुलीपुढं बसून भाकरी थापतेस, एकामागं एक, मान वर न करता. शाळा सुटली की मी येऊन तव्यावरच्या भाकरी बघायची, हे माझं काम. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, एक भाकरी जळली. फक्त एक. तू तापलेलं उलथनं उचललंस आणि माझ्या पोटरीवर मारलंस, सगळ्यांच्या देखत. एक पोरगा ताटावरून अर्धा उठला, म्हणाला, अहो मावशी, लेकरू हाय. तू त्याच्यावरही उलथनं उगारलंस. मला त्या क्षणी भाजल्याचं कळलंच नाही, इतकी लाज वाटली. घरी आल्यावर आजीनं डागावर खोबरेल लावलं आणि म्हणाली, हिच्या माहेरचं रक्तच कडू, खाण तशी माती. तुझा बाप म्हणे सांगायचा, मारक्या मेंढ्याचं पिल्लू कळपात ठेवू नये, आणि स्वतःच्या दोन पिल्लांची लग्नं मात्र लावून मोकळा झाला. आजी हे सांगून हसायची. मी तेव्हाच ठरवलं होतं की आपण तुझ्या माहेरच्या रक्ताचं व्हायचं नाही.

डॉक्टरचं ऐकल्यावर पहिल्यांदा वाटलं, म्हणजे उलथनं तू मारलंच नाहीस. तुझ्या डोक्यातलं काहीतरी झिजत चाललं होतं, त्यानं मारलं. तीस वर्षं मी एका आजारी बाईवर दात धरला होता. दुसऱ्या दिवशी कामावर इतकी रडले की पेशंटचं रक्त काढायच्या आधी दोनदा तोंड धुऊन यावं लागलं. तुला माफ करून टाकलं म्हण. लई हलकं वाटलं.

पण मग लासूरचा दिवस आडवा आला. मी सहावीत गेले होते. मेसवाल्या काकूंच्या कानावर कुणीतरी घातलं होतं की तू पिऊन येतेस. भर जेवणाच्या वेळी त्या तुझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तोंड उघड. पोरांचे घास हातातच राहिले. तू तोंड उघडलंस, त्यांनी वाकून वास घेतला. वास कसला येणार, पिठाचा? काकू तशाच मागं वळल्या. तू उठलीस, पिठाचे हात परातीवर झटकलेस, मला म्हणालीस, चल. आपण स्टेशनवर गेलो, आली त्या पॅसेंजरमध्ये बसलो, तिकीट काढलं होतंस की नाही देव जाणे, आणि लासूर स्टेशनला उतरलो. का लासूर, ते मला आजही माहीत नाही. बाजाराचा दिवस होता. तू मला गरम भजी घेऊन दिलीस, हिरव्या मिरच्या तू खाल्ल्यास, भजी सगळी मला. तेव्हा म्हणालीस, "तू पिठात हात घालायचा नाय. जळू दे त्यांच्या भाकरी. तू शिकायचं." आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या मोठ्या शाळेत गेलीस, जिथं आपल्या वस्तीतल्या पोरी घेत नव्हते, आणि मुख्याध्यापिका बाईंच्या दारात फतकल मारून बसलीस. शिपायानं उठवलं, उठली नाहीस. दुपारी बाईंनी माझं नाव घालून घेतलं. बाबा म्हणाले, डोकं फिरलंय हिचं. मी आज जी आहे ती त्या फतकलीमुळं आहे.

आता सांग, भीड राहत नाही म्हणजे दुसरं काय? पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागं हिंडलेल्या घरातली बाई, पाटलापुढं पदर सारखा करणारी, ती शाळेच्या दारात अशी बसते? मारलंस तेव्हा आजार आणि शाळेत नेलंस तेव्हा माय, असं मला सोयीनं वाटून घेता येणार नाही. उलथनं आजाराचं असेल तर लासूरही आजाराचं. आणि लासूर तुझं असेल तर उलथनंही तुझंच. मी डॉक्टरना विचारलं, हे वेगळं काढता येतं का? त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, नाही ताई, तसं वेगळं काढता येत नाही. मी त्यांच्यावर चिडले, तसं दाखवलं नाही.

आणि मग पंधरा दिवसांपूर्वी माझ्या हातून ते झालं. माझी लेक मैत्रिणीला फोनवर मामाची नक्कल करून दाखवत होती, व्हिडिओ लावून, खांदा उडवून, बोटं हलवून, आणि दोघी हसत होत्या. मी पोळ्या लाटत होते. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि हात माझा राहिला नाही. लाटण्यानं मारलं, तीनदा. तिनं हात आडवा केला म्हणून मनगटावर बसलं. एक्स-रे काढणाऱ्याला बाथरूममध्ये घसरली म्हणून सांगितलं. तिचे पप्पा वाळूजला कंपनीत पाळीवर होते, ते आल्यावर मी त्यांना म्हणाले, ती मी नव्हते, ते सुरू झालंय माझ्यात. ते खाली बसले. दुसऱ्याच दिवशी मी आमच्या लॅबमधल्या मुलीपुढं हात धरला, तिनं जांभळ्या टोपणाची नळी भरली आणि ती बाहेरगावी मोठ्या लॅबला गेली. तेव्हापासून मी कपाचा कान धरताना बोटांकडं बघते.

वरचं लिहून सहा दिवस झाले. त्यातलं एक मी चुकीचं लिहिलंय, ते आधी दुरुस्त करते.

बुधवारी लेकीला शेजारी घेऊन बसले. म्हटलं, रिपोर्ट काहीही येवो, हिला कळू दे की आईनं मुद्दाम मारलं नाही. मी तिला तुझं सांगितलं, मामाचं सांगितलं, त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली तेही सांगितलं. ती पट्ट्याची टोकं उसवत ऐकत होती. मग वर न बघता म्हणाली, "मम्मी, अंधारी नव्हती आली. तू आधी गॅस बंद केलास. मग दाराला कडी लावलीस, बाहेर शेजारच्या काकू बसल्या होत्या ना, म्हणून. मग लाटणं घेतलंस."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, खोटं बोलते म्हणून. पण खोटं नव्हतं ते. पोळी करपू नये म्हणून मी गॅस बंद केला होता. कडी लावताना ती नेहमी अडकते तशी अडकली, तेव्हा दार जरा वर उचलून लावली होती. एवढं सगळं करायला वेळ होता मला. तेवढ्या वेळात मी पाणी पिऊ शकले असते, बाहेर जाऊन काकूंशी दोन शब्द बोलू शकले असते. तू तर कधी कडी लावली नाहीस, माय. चारचौघांत मारलंस, तुला कुणी बघतंय याचं भानच नव्हतं. मला होतं.

 गुरुवारी भांडी घासताना तुझं आणखी एक आठवलं. मी आठवीत असेन, तू तेव्हा घरीच असायचीस. मी काहीतरी उलट बोलले, आणि तू एकदम खाली बसलीस, दोन्ही हात मांड्यांखाली घातलेस आणि त्यांच्यावर सगळा भार टाकून बसून राहिलीस. खांदे उडत होते. दात आवळून म्हणालीस, "जा आत. लवकर जा." मला वाटलं सोंग करतेस. मी आत गेले नाही, तोंड वाकडं करून तुझ्यापुढंच उभी राहिले. तू किती वेळ तशी बसलीस आठवत नाही, पण हात काढले नाहीस. ते हात हलू नयेत म्हणून दाबले होतेस की मला मारू नयेत म्हणून, हे डॉक्टरला विचारून उपयोग नाही. मला वाटतं तो दिवस तुझा होता. आजार होता आणि तरी तुझा होता. नाहीतर मला आत जा कशाला म्हणाली असतीस? मी तेव्हा तुझ्याशेजारी बसायला पाहिजे होतं.

शुक्रवारी आम्ही दोघं गेलो. डॉक्टर दारातच हसले तेव्हाच कळलं. तुम्हाला नाही, म्हणाले, आणि तुम्हाला नाही म्हणजे मुलीलाही नाही, हे तुमच्यापाशी संपलं. तिच्या पप्पांनी टेबलावर डोकं टेकलं आणि हमसून रडले. लग्नात रडले नव्हते इतके. येताना पेढे घेतले. लेक क्लासवरून आली तेव्हा त्यांनी पेढा तिच्या तोंडात घातला, सगळं सांगितलं. तिनं तो खाल्ला, पाणी प्यायली, आणि मी भाजी निवडत होते तिथं येऊन उभी राहिली. हळूच विचारलं, "मग ते तूच केलंस ना?"

मी म्हणाले, "व्हय. मीच केलं." ती समोर बसून चांगल्या हातानं मेथी निवडू लागली. माफ केलं का, ते मी विचारलं नाही.

हे कागद पाठवायचे तरी कुठं? लॅबच्या जुन्या रजिस्टरमध्ये घालून कपाटात ठेवून देईन. पण एक राहिलंय, ते तिच्या पप्पांनाही सांगितलेलं नाही. शनिवारी सकाळी कामावर पोचले आणि कुणी यायच्या आधी त्या मोठ्या लॅबला फोन लावला. मी म्हणाले, नळीवरचा नंबर माझ्या फॉर्मशी ताडून बघा, आमच्या धंद्यात अदलाबदल होते कधी कधी. त्या माणसाला वाटलं, बिचारीचा आनंदावर विश्वास बसत नाही. अदलाबदल निघाली असती तर माझ्या लेकीच्या डोक्यावर ते अर्धं संकट पुन्हा आलं असतं, हे मला ठाऊक होतं, आणि तरी फोन कानाला लावून मी तेच मागत होते. तो म्हणाला, मॅडम, दोनदा बघितलं, नंबर जुळतोय, रक्त तुमचंच आहे. मी बरं म्हणून फोन ठेवला, आणि माय, मला वाईट वाटलं.