दुपारचा आजार

रविवार, ९ मार्च

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. परवा फोन केलास, पण आई शेजारी असली की धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. पोरं मजेत असतील. इथे ठीक आहे, म्हणजे रेटतेय.

आईचं तेच. हात चालतात, पण कुठे काय करायचं ते उमगत नाही. मध्ये शेजारच्या काकूंकडे बसायला गेलो. टेबलावर कंगवा होता. आईने उचलला आणि काकूंचेच केस विंचरायला घेतले. काकू बिचाऱ्या मान खाली घालून बसल्या. डॉक्टर म्हणाले, "वस्तू दिसली की त्यांचे हात कामाला लागतात. आपण कुठे आहोत, समोर कोण आहे, हे बघून हातांना आवर घालणारा मेंदूचा भाग दमलाय." मी म्हटलं, "मीही दमलेय." ते हसले.

मग मला ताप आला. मागच्या खोलीत आडवी झाले होते. आई दारात येऊन थबकली आणि चिमे, तिची चालच बदलली. चादर खोचली, मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजली. उभा जन्म वॉर्डात काढलेली नर्स ती. कॉट दिसली, कण्हणारं माणूस दिसलं, आणि आपण कुठे आहोत ते तिच्या हातांना कळलं.

"सोबत कोण आहे?" तिने विचारलं.

"आई आहे."

"तिला घरी पाठवा. दमली असेल. मी आहे इथे."

मी भिंतीकडे तोंड केलं.

आता फोनवर बोलले नाही ते. तू विचारलंस तेव्हा मी "अजून कणकण आहे" म्हटलं. ताप मागच्या गुरुवारीच उतरला होता. उठून ओट्याशी गेले, तर आई पुन्हा हरवली. नळ सोडून नुसती उभी. मी परत जाऊन पडले, तशी लगेच कपाळावर ठेवायला ओली पट्टी घेऊन आली. तेव्हापासून रोज दुपारी मी थोडा वेळ आजारी असते. भांडी तुंबतात, तुंबू देत. कोणीतरी माझ्याकडे बघतंय गं. किती दिवसांनी.

तू ये. ती तुला ओळखणार नाही, मनाला लावून घेऊ नकोस. आलीस की बॅग ठेव, काही न बोलता आडवी हो आणि मनगट पुढे कर.

तुझी,
खडखडीत बरी असलेली
ताई