एका डोळ्याचं पाणी

कोडोली,
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप कृष्णातदादास,
क्रांतीचा साष्टांग नमस्कार.

इकडे आई आणि मी खुशाल आहोत. गारगोटीला वहिनी आणि तुझी शाळा ठीक असेल असं धरून चालते. काल गणपती गेले. तुझ्या वाटणीच्या आरत्याही मीच म्हटल्या. शेजारच्या बायडाबाई म्हणाल्या, "सूर न्हाय, पर जोर हाय पोरीत." फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

मधलं सगळं राहू दे. आधी दवाखान्यातली एक गोष्ट ऐक.

मी कोल्हापूरला स्कॅनच्या मशीनवर असते, हे तुला ठाऊकच आहे. ज्यांच्या डोळ्याला सारखं पाणी येतं, त्यांची आमच्याकडे एक तपासणी होते. दोन्ही डोळ्यांत औषधाचा एकेक थेंब टाकायचा आणि माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवायचं. औषध किंचित किरणोत्सारी असतं, त्यामुळे पडद्यावर ते चमकतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून ते दोऱ्याएवढ्या नळीत शिरतं आणि हळूहळू नाकात उतरतं. नऊ वर्षं बघतेय, तरी दर वेळी श्वास अडकतो. आपण नुसती पापणी मिटतो, उघडतो, आणि आत उसाला पाट काढावा तसं कुणीतरी पाणी वळवत असतं. कुणी शिकवलं असेल रे शरीराला हे?

मार्चमध्ये मी आईला तिथे बसवलं. त्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पिचकारीने पाणी सोडून पाहिलं होतं. ते घशात उतरलं, म्हणून वाट मोकळी आहे असं ते म्हणाले होते. पण पडद्यावर डावीकडचा थेंब सरसर खाली गेला आणि उजवीकडचा कोपऱ्यातच बसून राहिला. मग थोडा सरकला, पुन्हा थांबला.

त्याच सुमाराला आमच्या धैर्यशील सरांच्या मनात आलं, की ही चित्रं वाचणारे सगळे एकसारखं वाचतात का, ते एकदा तपासून बघू. तीस वर्षं स्कॅन बघितलेला माणूस! चाळीस जणांची चित्रं घेतली. सर धरून तीन डॉक्टर तीन खोल्यांत बसले. पेशंटचं नाव झाकलेलं, आपसात बोलायचं नाही, प्रत्येक डोळ्यापुढे 'मोकळी', 'मंद' किंवा 'बंद' एवढंच लिहायचं. सहा आठवड्यांनी तीच चित्रं क्रम बदलून पुन्हा वाचायची. नावं झाकायचं काम माझ्याकडे होतं. आईचा नंबर सतरा.

गेल्या सोमवारी कागद उघडले. पूर्ण बंद वाटांवर बहुतेक एकमत होतं. घोळ होता तो अर्धवट चालणाऱ्यांचा. आईच्या उजव्या डोळ्याला एकाने 'मोकळी' लिहिलेलं, दुसऱ्याने 'मंद' आणि सरांनी 'बंद'. आणि सहा आठवड्यांनी सरांनी त्याच चित्राला 'मंद' लिहिलं होतं! मला वाटलं, आता हा कागद बाजूला पडणार. सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "लिहा, क्रांती. माझंच माझ्याशी जुळलं नाही. हेच तर बघायचं होतं की."

ना मान खाली, ना सारवासारव. दादा, मी भारावून गेले. थेंब उतरताना बघून जसं होतं, तसंच झालं. एवढं जाणणारा माणूस 'माझं जुळलं नाही' म्हणतो आणि वर ते लिहून घ्यायला लावतो!

आणि मी काय केलं होतं?

अप्पांच्या वर्षश्राद्धाला सगळ्या भावकीसमोर मी तुला म्हणाले होते, "तुझ्यापायी आईचा डोळा वाळत नाही. तू गारगोटीला संसार थाटलास आणि ही इथं रडून आंधळी व्हायची." तू भरल्या ताटावरून उठलास. त्याला दोन वर्षं झाली. तू गारगोटीला राहायला गेलास त्याच पावसाळ्यात तिच्या डोळ्याला पाणी सुरू झालं, एवढ्यावरून मी निकाल देऊन टाकला होता. मार्चमध्ये पडद्यावर खरं दिसलं, तरी तुला कळवलं नाही. उलट एका डॉक्टरने 'मोकळी' लिहिलंय बघून बरंच वाटलं, की वाट मोकळी म्हणजे पाणी रडण्याचंच, म्हणजे अजून मीच खरी असेन. लाज वाटते रे हे लिहायला.

त्या सोमवारी घरी येऊन आईला पहिल्यांदा विचारलं, "आई, तू दादासाठी रडत होतीस?"

ती तांदूळ निवडत होती. "एकाच डोळ्यानं कोण रडतंय व्हय गं? रडायचं असतं तर दोन्ही डोळ्यांनी रडले असते की."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तू कुठं इचारलंस? तू तर सांगत हुतीस."

आमच्या कामाचा पहिला धडाच हा, की दोन्ही डोळे शेजारी ठेवून बघायचे. दवाखान्यात रोज तेच करते. घरी मात्र मी एकच डोळा बघितला.

नंतर तिन्ही डॉक्टर एकत्र बसले. चित्र, पिचकारी, आईचा त्रास, सगळं ताडून पाहिलं आणि शस्त्रक्रिया करायचीच यावर तिघांचं एकमत झालं. गुरुवारी, अठरा तारखेला सकाळी आहे. पण आई हटून बसलीय. "कृष्णात आल्याबिगर मी टेबलावर चढत न्हाय," म्हणते. मी सांगून थकले.

तेव्हा सरांसारखं मीही लिहून देते. माझं चुकलं. भावकीसमोर बोलले होते, भावकीसमोरच परत घेईन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये.

आणखी एक. आईच्या डाव्या डोळ्याची वाट तिघांनीही, दोन्ही वेळा, 'मोकळी'च लिहिली आहे. अप्पा गेले तेव्हापासून त्या डोळ्यातून एक थेंब बाहेर आलेला मी पाहिला नव्हता. आत्ता, दादाला पत्र लिहितेय म्हटल्यावर, आई समोर येऊन बसलीय. पदर उजव्या डोळ्याला लावलाय, आणि डावा भरून वाहतोय.

दोन्ही डोळे उशिरा बघितलेली तुझी धाकटी बहीण,
क्रांती